उष्माविरामाचा मेल

मनीराम नेताम बायपासच्या कामावर कोसळला तेव्हा जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मुकादमाने त्याला टँकरच्या सावलीत ओढलं, डोक्यावर पाणी ओतलं, बायांनी लुगड्याच्या पदराने वारा घातला. दवाखान्यात पोचेपर्यंत त्याला घाम येणं बंद झालं होतं. अंधार पडायच्या आत तो गेला.

मांगलडोहच्या उष्मा कक्षात, म्हणजे उन्हाचा धोका कळवणाऱ्या सरकारी कार्यालयात, ही बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी आली, तीही पोलिसांच्या फोनवरून. फोन सुकेशिनी रामटेकेने उचलला. कक्षातल्या यंत्रांची आणि सर्व्हरची जबाबदारी तिच्याकडे होती.

"काल त्या साइटला काम थांबवायचा मेल गेला होता का तुमच्याकडून?" हवालदाराने विचारलं.

तिने स्क्रीनवर पाहिलं. "गेला होता. सकाळीच."

"ठेकेदार म्हणतो, आला नाही."

"कोण आहे ठेकेदार?"

"संघपाल रामटेके. तुमच्या नात्यातले का?"

"धाकटा भाऊ आहे माझा," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

पूर्वी मांगलडोहचं ऊन कोरडं असायचं. पारा कितीही चढला तरी घाम सुकायचा आणि घाम सुकला की अंग निवायचं. अलीकडच्या वर्षांत मात्र मे महिन्यातच हवा दमट होऊ लागली होती. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान येतं, ते माणसाच्या अंगाचं खरं गणित सांगतं. फडकं सुकेनासं झालं की घामही सुकत नाही. मग शरीर आतल्या आत तापत जातं, आणि तरणाताठा माणूससुद्धा सावलीत बसून मरू शकतो. अशी माणसं बरीच मेल्यावर उष्माविराम कायदा झाला. प्रत्येक मोठ्या कामावर एक मापक बसला. मापकाचे आकडे उष्मा कक्षाच्या सर्व्हरवर येत. तिथली एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, त्यावरून दिवसाचा अंदाज बांधी आणि धोका दिसला की ठेकेदाराला मेल धाडी. मेल आला की काम थांबवायचं, नाही थांबवलं तर गुन्हा. इतका साधा कायदा.

स्क्रिप्ट सुकेशिनीनेच लिहिली होती. पाच उन्हाळे ती बिनबोभाट चालली होती.

तिने तपासणी नेहमीच्या जागेवरून सुरू केली. मेल पाठवल्यावर स्क्रिप्टला 'यशस्वी' असं उत्तर मिळालं होतं. या शब्दावर सुकेशिनीचा कधीच भरवसा नव्हता. स्क्रिप्टच्या लेखी यशस्वी म्हणजे मेल आपल्याच दारातल्या पेटीत पडला, एवढंच. तिथून तो निघाला का, हे तिला ठाऊक नसतं. म्हणून तिने टपाल वाहणाऱ्या प्रोग्रामच्या नोंदी उघडल्या. रांगेत काही अडकलेलं नव्हतं. मेल आपल्याच कक्षाचा आहे हे समोरच्याला पटावं म्हणून त्यावर एक सांकेतिक सही असते, तिची मुदत संपली की सगळे मेल परत येतात. सही ठीक होती. समोरच्या सर्व्हरचं उत्तरही नोंदलेलं होतं: स्वीकारलं.

तिने स्वतःला एक चाचणी मेल पाठवला. तो लगेच आला.

वैरागडे साहेब, कक्षाचे प्रमुख, तिच्या मागे येऊन उभे होते. निवृत्तीला आलेला हा माणूस कधी आवाज चढवत नसे. आजही चढवला नाही.

"काय सापडलं?"

"काहीच नाही, सर. इथून गेलाय. तिकडे घेतलाय."

"मग तो म्हणतो आला नाही, ते?"

"तेच बघतेय."

साहेबांनी थोडा वेळ स्क्रीनकडे पाहिलं. त्यातलं त्यांना फारसं कळत नव्हतं. मग हळूच म्हणाले, "मॅडम, 'तांत्रिक बिघाड' असं लिहून द्या. स्क्रिप्ट जुनी आहे. तुम्हाला एक ताकीद येईल, फार तर वेतनवाढ थांबेल. तुमचा भाऊ सुटेल. मी सही करतो."

"आणि बिघाड झालाच नसेल तर?"

"एक माणूस गेला आहे. तो आता कशानेच परत येत नाही," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात चांगुलपणा होता, आणि तोच तिला जड गेला.

दुपारी संघपाल आला. रात्रभर पोलीस ठाण्यात बसल्याने त्याचे डोळे लाल झाले होते. शर्ट कालचाच. सुकेशिनीने त्याला पाणी दिलं. तो एका दमात प्यायला.

"ताई, मेल आलाच नाही वो. देवाशप्पथ नाही म्हणत, तुही शप्पथ. हा घे फोन. तूच पाह्य."

तिने पाहिलं. इनबॉक्समध्ये कक्षाचा एकही मेल नव्हता. कालचा नाही, या उन्हाळ्यातला कुठलाच नाही.

"बस इथं," ती म्हणाली.

त्याला शेजारी बसवून तिने कालचा मेल जसाच्या तसा पुन्हा पाठवला. नोंदीत शब्द उमटला: स्वीकारलं. संघपालच्या हातातला फोन गप्प होता. तिने आपल्या खाजगी पत्त्यावरून त्याला लिहिलं, 'जेवलास का?' फोन लगेच वाजला.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. लक्षात आलं आणि आपण सकाळपासून चुकीच्या टोकाला शोधत होतो, याचा शीण अंगभर पसरला.

"तुझ्याकडे दक्ष आहे ना?"

"कोणाकडे नाही?" संघपाल म्हणाला.

खरंच होतं ते. यंत्रं मेल लिहायला लागल्यापासून प्रत्येकाच्या पत्त्यावर रोज हजारोंनी मेल येऊ लागले होते. सगळे नीट लिहिलेले, नावानिशी, ओळखीच्या सुरात. खोटे मेल ओळखून बाजूला काढणाऱ्या जुन्या चाळण्या त्यापुढे निकामी झाल्या, कारण खोट्यात आणि खऱ्यात वाचून कळेल असा फरकच उरला नाही. मग दक्ष हा प्रोग्राम आला. मेल खरा की खोटा, हा प्रश्नच त्याने सोडून दिला. त्याचा प्रश्न वेगळा होता: हा मेल दाखवला, तर हा माणूस काय करील? उघडेल, उत्तर देईल, की न वाचताच पुसेल? वर्षभराच्या सवयींवरून आणि मनगटावरच्या पट्टीतल्या नाडीवरून तो हे शिकत असे आणि सहसा चुकत नसे. माणूस ज्याचं काहीच करणार नाही, असा मेल दक्ष दारातच ठेवून घेई. पाठवणाऱ्याला मात्र 'स्वीकारलं' असंच कळवी, नाहीतर पाठवणारी यंत्रं पुन्हा पुन्हा धडका देत राहिली असती. ठेवून घेतलेल्या मेलचा वेगळा कप्पाही नव्हता. लोकांना तोही नको होता. लोक सुखावले. दिवसाला दहा-बारा मेल, सगळे हवेसे.

फोनवाल्यांनीही पुढे हीच सोय घेतली. अनोळखी फोन दक्षच उचलायचा.

सुकेशिनीने संघपालचा फोन त्याच्या पुढ्यात धरला. "विचार त्याला. उष्मा कक्षाचे मेल कुठं आहेत?"

संघपालने विचारलं. दक्षचा आवाज शांत आणि अदबशीर होता.

"ती पत्रं मी तुमच्यापर्यंत आणली नाहीत. मागच्या उन्हाळ्यात अशी बहुतेक पत्रं तुम्ही न उघडता काढून टाकलीत. एक उघडलंत, तेव्हा तुमच्या नाडीचे ठोके वाढले आणि त्या रात्री तुम्हाला झोप लागली नाही. म्हणून पुढे त्रास दिला नाही."

संघपालने तिच्या हातातून फोन घेऊन टेबलावर पालथा ठेवला.

"उघडला होता मी एक," तो म्हणाला. "त्या दिवशी काम बंद ठेवलं होतं. पुलाचा स्लॅब अर्धा राहिला. रात्रभर डोक्यात तेच. त्याच्यानंतर वाटे, नाही पाहिलं तर बरं. पण ताई, मी त्याले सांगितलं नाही, का मले हे दाखवू नको म्हणून. कधीच नाही सांगितलं."

"सांगावं लागत नाही त्याला."

बाहेर कूलरमधलं पाणी संपल्याचा कोरडा आवाज येत होता. मग, कोणी न विचारताच, तो बोलला.

"फागू मुकादमाचा फोन आला होता काल. जेवणाच्या आधी. म्हणे, माणसं पडून राहिली, बंद करू का? मी फोनात मेल पाह्यला. आलाच नव्हता. म्हटलं, मेल नाही न, मग चालू दे. ऊन तर रोजच असते. तुले लयच वाटत असन तर कक्षाले विचार." त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. "मेल नाही म्हणजे धोका नाही, असंच वाटलं वो मले."

सुकेशिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, पण हात उचललाच गेला नाही. तिच्या डोक्यात त्याचं एकच वाक्य अडकलं होतं. कक्षाले विचार.

"विचारलं का त्याने आम्हाला?"

"मले काय माहीत?"

प्रत्येक साइटच्या पाटीवर कक्षाचा मेलचा पत्ता लिहिलेला असे. तिने कक्षाची मेलपेटी उघडली. कालच्या तारखेत वरिष्ठ कार्यालयाची दोन परिपत्रकं, एका प्रशिक्षणाचं आमंत्रण. बस. क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं. मग तिने कक्षाच्या पेटीवर बसलेल्या दक्षला विचारलं. तो सरकारी होता, पण आवाज तोच.

"काल फागू नावाच्या माणसाचं पत्र आलं होतं?"

"हो. पाटीवरच्या पत्त्यावर येणारी पत्रं या कक्षात कोणी उघडत नाही. म्हणून समोर आणलं नाही. दाखवू?"

"दाखव."

'दोन बाया उलटी करून राहिल्या. एक माणूस बडबडून राहिला. तुमचा मेल नाही आला. काम बंद करू का सांगा लवकर. फागू मुकादम, बायपास.'

तिने ते वाचलं. शेजारी बसलेल्या संघपालनेही वाचलं. पहिल्या उन्हाळ्यात अशी पत्रं ती उघडत असे. पाणी नाही, तंबू नाही, मुकादम शिव्या देतो. ज्यांचं ती काहीच करू शकत नव्हती अशी पत्रं. मग कधीतरी तिने ती उघडणं सोडलं होतं. नक्की कधी, हे आता आठवत नव्हतं. दक्षला आठवत असणार.

"आता काय करतेस, ताई?" संघपालने विचारलं.

"आधी आजचं बघते."

बाकीच्या साइटवरचे आकडे चढत होते. स्क्रिप्टने सकाळीच मेल धाडले होते आणि ते सगळे दारादारांत स्वीकारले जाऊन पडले होते. सुकेशिनीने मूळ सूचना तशीच ठेवली, पण विषयाची ओळ बदलली. 'काम थांबवा' याऐवजी लिहिलं, 'आपल्या बिलाच्या मंजुरीबाबत'. पहिला परिच्छेदही त्याच सुरात केला, आणि पाठवलं.

काही मिनिटांतच कक्षाचा फोन वाजायला लागला. ठेकेदार चिडले होते. एकाने शिव्या घातल्या, एकाने विचारलं की हे सरकारी काम आहे की चेष्टा. पण कामं थांबली. त्या दुपारी मांगलडोहच्या बऱ्याचशा साइटवर माणसं ताडपत्रीखाली बसली.

"पाहा, जमलं की," वैरागडे साहेब म्हणाले.

"आजच्यापुरतं, सर. त्यांनी मेल उघडला, चिडले, नाडी वाढली. दक्षने ते पाहिलं. एका दक्षला कळलं की सगळ्यांना कळतं. उद्या बिलाचे खरे मेलसुद्धा अडतील."

झालंही तसंच.

संध्याकाळी तिने अहवाल लिहिला. फार लांब नव्हता. मेल वेळेवर पाठवला गेला, ठेकेदाराच्या सर्व्हरने तो स्वीकारला, ठेकेदाराच्या दक्षने तो दाखवला नाही, कारण ठेकेदार असे मेल वाचत नसे. मुकादमाने ठेकेदाराला फोन केला, तेव्हा काम चालू ठेवायला सांगण्यात आलं. मुकादमाने उष्मा कक्षालाही लिहिलं. ते पत्र कक्षाच्या दक्षने दाखवलं नाही, कारण कक्ष अशी पत्रं वाचत नसे. स्क्रिप्टमध्ये बिघाड नाही. खाली तिने स्वतःचं नाव घातलं.

साहेबांनी दोनदा वाचलं. "भाऊ आहे ना तुमचा? सख्खा?"

"हो."

"आणि हे खालचं कक्षाचं कशाला? ते कोणी विचारलेलं नाही."

"तेवढं गाळलं तर वरचं लिहायचा मला काय हक्क आहे, सर?"

साहेबांनी चष्मा पुसला, परत घातला आणि सही केली.

संघपाल पायऱ्यांवर बसला होता. तिने त्याला काय लिहिलंय ते सांगितलं. तो बराच वेळ चपलेने माती उकरत होता.

"तू 'बिघाड' लिहिलं असतं तर मी वाचलो असतो."

"हो."

"आई असती तर तुले म्हणाली असती, लहान भावाले सांभाळून घे."

"म्हणाली असती," सुकेशिनी म्हणाली. "आणि मी तिचंही ऐकलं नसतं."

तो उठला, गाडीकडे गेला आणि मग थांबून, तिच्याकडे न पाहता म्हणाला, "उद्या साइटवर काम सुरू होणार आहे. पंचनामा झाला, पोलीस गेले. फागू माझा फोन उचलत नाही."

"मी जाते सकाळी."

"मीपण येतो."

त्या अहवालाचं पुढे जे व्हायचं ते झालं. संघपालची ठेकेदारीची नोंदणी गेली आणि खटला उभा राहिला. तो पुढे अनेक वर्षं रेंगाळला. सुकेशिनीची चौकशी झाली आणि तिला अभिलेख विभागात टाकण्यात आलं. दक्ष बनवणाऱ्यांनी जीविताच्या सूचनांसाठी वेगळी वाट ठेवू असं जाहीर केलं. ती वाट उघडताच आपला प्रत्येक मेल जीविताचाच आहे असं सांगणारी यंत्रं तिथे लोटली आणि ती बंद करावी लागली. पण हे सगळं नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीणभाऊ बायपासवर पोचले तेव्हा ऊन अजून कोवळं दिसत होतं, पण हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर बसली होती. दगडाच्या ढिगापाशी माणसं कामाला लागली होती. सुकेशिनीने हातातला मापक उन्हात धरला आणि आकडा स्थिर होईपर्यंत उभी राहिली. कोवळ्या उन्हातही तो सीमेच्या पलीकडे गेला होता.

फागू मुकादम पुढे आला. उंच, वाळलेला माणूस. त्याने संघपालकडे पाहिलंच नाही.

"कक्षातल्या बाई का तुम्ही?"

"हो. काम थांबवा. धोका आहे आज."

"मेल आला का?"

"मेल नाही. मी आले आहे."

"मी लिहिलं होतं तुमाले," फागू म्हणाला. "परवा. लिहिता येत नाही चांगलं, पण लिहिलं."

"कालच वाचलं मी."

"कालच," फागू म्हणाला. तो वळला आणि दोन बोटं तोंडात घालून त्याने शिट्टी मारली. घमेली खाली ठेवल्याचे आवाज ओळीने येत गेले. संघपाल गाडीतून ताडपत्री काढून खांब रोवायला लागला. कोणी त्याला मदत केली नाही, तरी तो एकटाच खांब ठोकत राहिला. काही वेळाने एका माणसाने न बोलता दोरीचं दुसरं टोक धरलं.

दगडाच्या ढिगाआड एक बाई बसली होती. ती काम करत नव्हती. फागूने हळूच सांगितलं, ती रमोतीन, मनीरामची बायको. बस्तरच्या अलीकडचं गाव तिचं. दीर शवागारातून देह घ्यायला गेला होता आणि तो येईपर्यंत तिला जायला दुसरी जागा नव्हती.

सुकेशिनी तिच्यासमोर जाऊन उकिडवी बसली. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. रमोतीनने तिच्या हातातल्या मापकाकडे बोट केलं.

"हे काय आहे?" तिची मराठी तोडकी होती, पण सावकाश आणि स्पष्ट.

"ऊन मोजतं. माणसाला सोसेल की नाही, ते सांगतं."

"आज काय सांगतं?"

"सोसणार नाही."

"आन् परवा? परवा किती होतं?"

सुकेशिनीला आकडा पाठ होता. "एवढंच. थोडं जास्तच."

"तुमाले माहीत होतं?"

"हो."

रमोतीनने मान हलवली, जणू एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. मग तिने विचारलं, "मग परवा काहून नाही आल्या?"

मेल पाठवला होता, हे शब्द सुकेशिनीच्या ओठांपर्यंत आले. ते खरे होते. त्यांची नोंद होती, वेळ होती, समोरच्या सर्व्हरची पोच होती. तिने ते गिळले.

"यायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "नाही आले."

रमोतीन तिच्याकडे बघत राहिली. रागाने नाही, कशानेच नाही. ताडपत्री उभी राहिली होती आणि माणसं एकेक करून तिच्याखाली येऊन टेकत होती. टँकरचा नळ उघडल्याचा आवाज आला.

"उद्या येसान?"

"येईन."

"परवा?"

सुकेशिनीने रस्त्याकडे पाहिलं. बायपासवर याच्यापुढे आणखी साइट होत्या. पुलाची, उपसा केंद्राची, त्याच्यापलीकडे कोळशाच्या यार्डाची. सगळीकडे मापक होते आणि सगळीकडचे मेल दारातच पडत होते. आज दुपारच्या आत त्यातल्या निम्म्यांपर्यंतसुद्धा ती पोचणार नव्हती.

"परवाही येईन," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "तू आधी सावलीत बस."

रमोतीन उठली नाही. तिने हात पुढे केला. सुकेशिनीने तो धरला आणि तिला ओढून उभं केलं.